आपसूक चालणारी गाडी

काशीराम चिंदरकरचा डावा पाय कंपनीने घेतला आणि बदल्यात व्हॅन दिली, असं घाटकोपरच्या भटवाडीत लोक म्हणायचे. ऐकायला वाईट वाटलं तरी ते फारसं खोटं नव्हतं.

विक्रोळीच्या बाजूला एका कारखान्यात काशीराम फिटर होता. क्रेनची साखळी तुटली, वरचा लोखंडी ठोकळा खाली आला आणि डाव्या पायाचं गुडघ्याखाली ठेवण्यासारखं काही उरलं नाही. त्याच कारखान्यात पूर्वी मशिनं बसवायला जपानी इंजिनीयर आले होते. ते परत गेले आणि त्यांची व्हॅन आवारातल्या चिंचेखाली तशीच राहिली. गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपले आपण पडणार. एक्क्याऐंशी साली मुंबईत असली गाडी कोण घेणार? बिघडली तर हात कोण लावणार? चिंचेचा पाला तिच्या टपावर कुजत होता.

इस्पितळातून सुटल्यावर काशीराम कुबड्या घेऊन मॅनेजरपुढे उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तिला क्लच नाही, मला डावा पाय नाही. आमचं जमेल."

आणि जमलं. भरपाईच्या हिशेबातच कंपनीने गाडी त्याच्या नावावर करून दिली. ज्या दिवशी तो ती चालवत भटवाडीच्या चढावरून चाळीपुढच्या पटांगणात घेऊन आला, त्या दिवशी सगळी चाळ गॅलरीत उभी होती. वनमाला, त्याची बायको, मात्र दाराआड उभी राहून बघत होती. गाडी कसली, एक पांढरट डबाच तो. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बसलं की खालून ऊब लागायची, बारीक थरथर जाणवायची.

काशीरामने तिला शेजारी बसवून स्टिअरिंगजवळचा दांडा दाखवला. "पी म्हणजे उभी. आर म्हणजे मागे. एन म्हणजे सुटी. आणि डी म्हणजे चालू. डीवर टाकून ब्रेकवरचा पाय काढला की झालं. ॲक्सिलेटर दाबायचासुद्धा नाही. आपसूक चालायला लागते. बघ."

त्याने पाय काढला. गाडी हळूच सरकली. माणूस झोपेत उठून चालायला लागतो, तशी.

"थांबवा," वनमाला म्हणाली. "मला नाही आवडत हे. कोणी न सांगता कशी चालते?"

"अगं, तिचा स्वभाव आहे तो," काशीराम हसला.

गाडीने त्याला माणसांत आणलं. रविवारी सकाळी तो पुढची सीट उचलून इंजिनात डोकं घालून बसायचा. गिअरबॉक्सचं तेल लाल असायचं, कुंकवाच्या पाण्यासारखं. ते इंजिन चालू ठेवूनच तपासायचं. पट्टी ओढून काढायची, पुसायची, परत घालायची, मग नाकाशी धरायची. जळका वास आला की समजायचं, आतले पट्टे झिजायला लागले. ते तेल साध्या दुकानात मिळायचं नाही, गोदीतला एक ओळखीचा आणून द्यायचा. आग्रा रोडवर माणिकचं गॅरेज होतं. माणिक बाकी सगळं करायचा, पण गिअरबॉक्सचं नाव काढलं की हात झटकायचा. "चिंदरकर, ही माझ्यासाठी बंद पेटी आहे. मी खोलणार नाही, तू सांगू पण नको. एकदा खोलली तर वाट लागली समज, तुझी पण आणि माझी पण."

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ते तिघं मनोरीला गेले. काशीराम, वनमाला आणि त्यांची नऊ वर्षांची सुगंधा. मार्व्याच्या धक्क्यावर गाडी लावली, होडीने पलीकडे गेले, काशीरामच्या कारखान्यातल्या एका कोळी मित्राकडे जेवले. सुगंधाने शिंपल्या गोळा केल्या. दुपार कलताना परतीला लागले.

मार्व्याहून मालाडकडे येताना तेव्हा एक वळण लागायचं आणि पुढे सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना खाजण, नुसता खाऱ्या पाण्याचा चिखल, वाहन क्वचित. ऊन मऊ झालं होतं. काशीराम निवांत चालवत होता. सुगंधा मागच्या सीटवर शिंपल्या मांडत होती. वळण मागे पडलं आणि वनमालाला काय वाटलं कोण जाणे, इतक्या दिवसांत जे बोलली नव्हती ते ती बोलायला लागली.

"तुम्हाला इस्पितळातून आणलं ना," ती समोर बघत म्हणाली, "त्या दिवशी मी नळामागे जाऊन रडले होते. पायासाठी नाही. मला वाटलं, आता मला तुमची कीव येत राहणार, आणि कीव आली की दुसरं काही उरत नाही. पण तसं झालंच नाही. आता कधी कधी मला आठवतसुद्धा नाही, कुठला पाय गेला ते."

ती वाट बघत थोडी थांबली. तो काही बोलला नाही. गाडी आणखी हळू झाली होती. तिला वाटलं, मुद्दामच हळू चालवतोय, ऐकण्यासाठी. म्हणून ती आणखी बोलली. दिवस असेच जाऊ देत म्हणाली. सुगंधाला शिकवू म्हणाली. तरी तो गप्पच. मग मात्र तिला लागलं. आयुष्यात एकदा बाईमाणूस मन उघडं करतं आणि हा नुसता हूंसुद्धा म्हणत नाही! ती तोंड फिरवून खाजणाकडे बघत बसली.

गाडी सावकाश डावीकडे कलत गेली आणि रस्त्याच्या कडेला रेतीचा ढीग होता, त्यात तोंड खुपसून थांबली. धक्कासुद्धा धड बसला नाही.

"अहो, काय करताय?" असं म्हणून ती वळली.

काशीराम स्टिअरिंगवर किंचित पुढे झुकला होता. डोळे उघडे होते. पाय ब्रेकवर नव्हता, ॲक्सिलेटरवरही नव्हता. आणि इंजिन चालूच होतं. गाडी रेतीला रेटत होती, पुढे जायला बघत होती. कोणीतरी सायकलवाला धावत आला, त्याने किल्ली फिरवली, तेव्हा ती शांत झाली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एका क्षणात गेले, कळलंसुद्धा नसेल. भेटायला आलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं. वनमाला ऐकून घ्यायची. कुठला क्षण, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं. वळणावर तो जिवंत होता, नाहीतर गाडी वळली नसती. रेतीपाशी तो नव्हता. मधल्या रस्त्यावर ती बोलत होती. त्यातलं किती बोलणं माणसाने ऐकलं, आणि किती रिकाम्या कानात गेलं?

दुसरी कुठलीही गाडी असती तर क्लचवर पाय नाही म्हणून गचका देऊन बंद पडली असती. तिला तिथल्या तिथे कळलं असतं. या गाडीने कळू दिलं नाही. ती आपसूक चालत राहिली.

त्यानंतर वनमालाला एक खोड लागली. कोणी तिच्यासमोर थोडा वेळ गप्प बसलं की ती हात लावून बघायची. "ऐकतेस ना गं?" नळावरच्या बायका दचकायच्या. सुगंधा अभ्यास करता करता उगाच मध्ये मध्ये हूं हूं करायला शिकली. तिचा काका बाळा, काशीरामचा धाकटा भाऊ, शेजारच्याच खोलीत राहायचा. तो जेवताना वहिनीला दिसेल असं तोंड हलवत राहायचा.

गाडी माणिकने ट्रकवर चढवून परत आणली होती आणि पटांगणात उभी केली होती. बाळाला ती विकायची होती. गिऱ्हाईकं यायची, दांडा बघायची, क्लच शोधायची, आणि चहा पिऊन जायची. त्यात कोणीतरी सांगून टाकायचं की मालक हिच्यातच गेला. मग तर चहासुद्धा राहायचा.

उभी गाडी सडते म्हणून बाळा रविवारी ती थोडा वेळ चालू करून ठेवायचा. अशाच एका रविवारी सकाळी त्याने दांडा एनवर बघून किल्ली फिरवली, इंजिन थंड म्हणून चोक ओढला, हँडब्रेक लावला आणि तेल बघायचं फडकं विसरलं म्हणून घरात गेला. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला नळाची रांग होती. वनमाला घागर लावून उभी होती.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एक बाई किंचाळली. गाडी निघाली होती. चालवायच्या जागेवर कोणी नव्हतं, आणि ती तशीच, त्याच चालीने, हळूहळू नळाच्या दिशेने येत होती.

"काशीराम इलो!" कोकणातली एक म्हातारी ओरडली, आणि रांग उधळली. हंडे गडगडले.

वनमाला पळाली नाही. पळावं असं तिच्या मनातच आलं नाही. ती सरळ गाडीकडे गेली, चालत्या गाडीचं डावं दार उघडलं, आपल्या नेहमीच्या जागेवर चढली आणि आडवी पडून दोन्ही हातांनी ब्रेकचं पेडल दाबून धरलं. जिथे त्याचा पाय असायचा तिथे तिचं तोंड आलं होतं. रबराच्या पायपोसाला अजून रेतीचा वास होता. गाडी थांबली, पण इंजिन खालून रेटत होतं. तिच्या छातीला ते लागत होतं. बाळा धावत आला, त्याने किल्ली काढली. तरी तिने हात सोडले नाहीत. सुंदराबाईने ते एकेक बोट करून सोडवले.

सुंदराबाई दोन खोल्या सोडून राहायची. दुष्काळात माणदेशातून आलेली बौद्ध बाई, पालिकेत झाडूकामाला. कोणाला न घाबरणारी. चाळीत लगेच सुरू झालं, नारळ द्या, राखण म्हणून कोंबडा द्या, गावाहून माणूस बोलवा. सुंदराबाईने पटांगणातच सुनावलं, "भूतबीत काय नसतंय. लोखंडात भूत शिरतंय व्हय? मेस्त्रीला बोलवा, नारळ घरात ठेवा."

माणिक आला, खाली शिरला, काळा होऊन बाहेर आला. "दांड्याच्या सळईला धरणारं बुश झिजलंय. वर एन दिसतो, आत डीच असतो. चोकमुळे इंजिन जोरात होतं आणि हँडब्रेकची तार सैल. बस, एवढंच."

"एवढंच," वनमाला म्हणाली. रात्रभर ती त्या शब्दाशी खेळत राहिली. कारण कळलं होतं, आणि भीती जिथल्या तिथे होती.

सकाळी ती बाळाला म्हणाली, "भावजी, गाडी विकायची नाही. मी शिकणार."

"वयनी, खुळी झालंस काय?"

"हिच्यात बसणाऱ्याला ही थांबवता आली पाहिजे. मला त्या दिवशी मार्व्याच्या रस्त्यावर येत नव्हतं."

यावर बाळा काही बोलला नाही, मग आठवून घाईघाईने म्हणाला, "ऐकतंय, ऐकतंय."

पुढच्या वर्षी वनमाला चिंदरकर भटवाडीतून व्हॅन चालवत निघायला लागली. पोरं मागे ओरडत धावायची, पानवाले मान वळवून बघायचे. माणिकने तिला लाल तेलाचा वास ओळखायला शिकवला. हळूहळू तिने शाळेची मुलं घ्यायला सुरुवात केली. आयांना आधी धाकधूक वाटली, मग बाईमाणूस आहे म्हणून बरं वाटायला लागलं. तिच्या गाडीत एक नियम होता. प्रत्येक मुलाला हँडब्रेक ओढता आला पाहिजे आणि किल्ली फिरवता आली पाहिजे. आणि पुढच्या सीटवर बसेल त्याने गप्प राहायचं नाही. मुलांना ती गंमत वाटायची. पाढे, कविता, शेजारच्यांची भांडणं, काय वाट्टेल ते बोलत मुलं पुढे बसायची. एखादं मूल झोपाळलं की वनमाला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायची आणि त्याला उठवायची. का, ते कोणाला सांगायची नाही.

सुगंधा पंधरा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता, आपण होऊन म्हणाली, "आई, तू त्या दिवशी बोलत होतीस ना, पायाचं वगैरे, ते मी ऐकत होते."

वनमालाचा हात सुपात थांबला.

"बाबांचा हात दांड्यावर होता. मग तो खाली मांडीवर पडला. मी पाहिलं. मला वाटलं, दमले. पण तू आधी बोललीस का हात आधी पडला, ते मला आठवत नाही. मी खूप आठवून बघते गं. कधी असं वाटतं, कधी तसं."

वनमालाने तिला जवळ घेतलं. इतकी वर्षं हे लेकरू मागच्या सीटवर बसून हेच शोधत होतं, आणि आपल्याला पत्ता नाही.

त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. वनमालाने सुंदराबाईला म्हटलं, "मार्व्याला येतेस? काम आहे." सुंदराबाईने कसलं काम, ते विचारलं नाही. लुगडं बदलून आली.

मार्व्याला जाऊन वनमालाने गाडी फिरवली. त्या वळणापाशी आली, वळली, आणि सरळ रस्त्यावर दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले. गाडी आपसूक चालू लागली. रेतीचा ढीग कधीच गेला होता, तिथे आता टपरी होती, पण जागा तिला पक्की माहीत होती.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. तू तिकडे बसून बोल. मला बघायचंय, इकडे ऐकू येतं का."

सुंदराबाईला कळलं. ती बोलायला लागली, आणि ते असं काही होतं जे वनमालाने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"माझा थोरला पोरगा. चाळीत कुणाला ठावं न्हाई. बहात्तर साली तापानं फणफणला. मी एकलीच त्याला घिऊन यष्टीनं साताऱ्याच्या दवाखान्यात निघाले. मांडीवर व्हता. दहिवडी सोडली आन् गार पडला. मला कळलं. आईला कळतंय. पर कंडक्टरला कळलं असतं तर उतरवलं असतं मला माळावर, पोरासकट. मग मी काय केलं, त्याच्याशी बोलत ऱ्हायले. 'आलं बग सातारं, आलं बग,' म्हणत ऱ्हायले. शेजारची बाई म्हणली, लई शानं पोरगं, रडत न्हाई. मी म्हणलं, व्हय बाई, लई शानं हाय. साताऱ्यापातूर बोलत गेले. ऐकणारं न्हवतं ते ठावं व्हतं मला. तरी एक शबुद बी वाया गेला असं मला आजवर वाटलं न्हाई."

गाडी चालत होती. प्रत्येक शब्द वनमालाला लख्ख ऐकू येत होता. सीटखालच्या थरथरीतूनही येत होता. काहीतरी म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती स्टिअरिंग धरून समोर बघत राहिली. डोळे वाहत होते की नाही, तेही तिला कळत नव्हतं.

टपरी जवळ आली. गाडी डावीकडे कलायला लागली.

"वनमाला?" सुंदराबाई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "वनमाला! अगं ए! हाईस न्हवं?" तिने दंडाला धरून गदागदा हलवलं.

वनमालाचा पाय ब्रेकवर गेला. टपरीवाला बघत उभा राहिला.

"ऐकलं," खूप वेळाने ती म्हणाली. "सगळं ऐकलं."

"मग बोलंनास का? जीव गेला माझा."

"येईना गं. ऐकू येत होतं, बोलता येईना."

दोघी तिथेच बसून राहिल्या. मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला, वळसा घालून गेला. खाजणाकडून वारा येत होता, त्याला चिखलाचा आणि मिठाचा वास होता.

त्या दिवशी सगळं मिटलं, असं नाही. अजूनही मुलं गप्प झाली की ती मागे हाक मारायची. पण रात्री झोप न लागता पडून राहिली की तो रस्ता ती पहिल्यासारखा मोजत बसायची नाही. त्याने ऐकलं असेल, नसेल. दोन्ही शक्यता तिच्या घरात राहायला लागल्या, आणि तिने त्यांना राहू दिलं. सुंदराबाईच्या थोरल्याचं नाव मात्र तिने विचारून घेतलं. दरसाल त्याच्या दिवशी दोघी मिळून काहीतरी गोड करू लागल्या.

एकोणनव्वदमध्ये गाडीने दम सोडला. डीवर टाकलं की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं हलायची नाहीत. लाल तेल काळं झालं होतं. माणिकने शेवटी ती बंद पेटी खोलली. आतले पट्टे कागदासारखे चुरगळून हातात आले. "वयनी, याचं काही होणार नाही," तो म्हणाला, आणि हात पुसत बाजूला झाला. कुर्ल्याचे भंगारवाले दोरखंड घेऊन आले. सुगंधा कॉलेजला गेली होती. वनमाला गॅलरीत उभी राहिली आणि गाडी चढावरून खाली दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही.

मुलांची शाळा थांबत नव्हती. माणिकने एक जुनी डिझेल मॅटॅडोर बघून दिली. तिला क्लच होता. इतक्या वर्षांनी वनमाला डावा पाय वापरायला शिकली. पहिल्या दिवशी पटांगणात सगळी चाळ जमली होती. तिने पहिला गिअर टाकला, क्लच भसकन सुटला, गाडीने जोरात गचका दिला आणि जागच्या जागी बंद पडली.

"वयनी, क्लच हळू सोडा!" माणिक ओरडला. पोरं खिदळली. बाळाने कपाळाला हात लावला.

वनमालाने परत चालू केली, परत तिचा पाय सुटला, परत गाडी गचकून मेली. इंजिनाचा आवाज थांबला आणि पटांगणात एकदम शांत झालं. ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आता काय झालं?" माणिकने खिडकीशी येऊन विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बंद पडली." आणि तिने किल्ली फिरवली.